फ्रेंच कादंबरीतील मुलीचे लग्न कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरी हाती घेणारा मराठी वाचक बहुधा प्रेमकथेच्या अपेक्षेने सुरुवात करतो आणि पन्नासेक पानांनंतर कंटाळतो, कारण तिथे त्याला उत्पन्नाचे आकडे, नोटरीकडचे दस्तऐवज, घरांचे पत्ते आणि कोणाच्या नावामागे कोणती पदवी लागते याची लांबलचक चर्चा भेटते. ही पाने चाळून पुढे जाण्याची सवय लागली की कादंबरी हातची गेली असे समजावे. मुलगी, तिचे लग्न आणि तिच्या घराण्याची प्रतिष्ठा यांची खरी गोष्ट त्या आकड्यांतच सांगितलेली असते. नाशिकमध्ये लग्नाच्या बैठकीला कोपऱ्यात का होईना, पण एकदा बसलेल्या माणसाला हे वाचन अवघड जाऊ नये. वडीलधारे एकमेकांच्या शेतीची, नोकरीची, आजोळाची आडून आडून चौकशी करतात, मग एखादा मध्यस्थ घसा खाकरून मुद्द्यावर येतो आणि कोणी काय करायचे ते यादीवर चढते. त्या बैठकीत जो कान आपण लावतो, तोच या कादंबऱ्यांना लावावा.

त्यासाठी एक साधी शिस्त पाळावी. कथेत लग्नाच्या वयाची मुलगी येताच चार गोष्टी शोधायच्या: तिच्या वाट्याचा पैसा कोणाकडून यायचा आहे, तो केव्हा येणार आहे, लग्नानंतर त्यावर हुकमत कोणाची राहणार आहे आणि कोणत्या कागदावर तिची सही लागणार आहे. पहिल्या तीन गोष्टींकडे बहुतेक वाचकांचे थोडेफार लक्ष जाते. चौथी सहसा निसटते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. या मार्गदर्शनात मी वारंवार सहीपाशी येणार आहे, त्याचे कारण हे.

पहिले पुस्तक

सुरुवात बाल्झॅकच्या १८३३ मधील ‘युजेनी ग्रांदे’ने करावी. कादंबरी आटोपशीर आहे, पात्रे मोजकी आहेत आणि नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला तिच्यातला बाप लगेच ओळखू येतो. फेलिक्स ग्रांदे हा लुआर नदीकाठच्या सोम्यूर गावातला पिंपे बनवणारा कारागीर. क्रांतीच्या काळात चर्चच्या जप्त जमिनी विक्रीला निघाल्या, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि लाकडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी असलेल्या बायकोने आणलेला हुंडा एकत्र करून त्याने द्राक्षमळे पदरात पाडून घेतले. गावातले सगळे बागाईतदार भाव चढेपर्यंत माल धरून ठेवायचे ठरवतात आणि ग्रांदे मात्र बाहेरच्या व्यापाऱ्याशी गुपचूप सौदा करून मोकळा होतो. हा प्रसंग निफाड किंवा दिंडोरीच्या बागाईतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. वाचताना मात्र एका वाक्यावर खूण करून ठेवावी: या माणसाच्या श्रीमंतीच्या पायात बायकोचा पैसा आहे. दीडशे पानांनंतर हीच खूण उपयोगी पडते.

युजेनी त्याची एकुलती एक मुलगी. कथा १८१९ च्या नोव्हेंबरात तिच्या तेविसाव्या वाढदिवसाच्या संध्याकाळी सुरू होते. गावातली दोन घराणी, नोटरी व न्यायाधीशाचे क्रुशो घराणे आणि सावकार दे ग्रासँचे घराणे, तिच्यासाठी टपून बसलेली आहेत. दिवाणखान्यात लोटो नावाचा साधा आकड्यांचा खेळ चालू आहे, एकाने पुष्पगुच्छ आणला आहे, दुसऱ्याने तिच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली शिवणकामाची पेटी. हा प्रसंग घाईने वाचू नये. कोण कोणाच्या शेजारी बसतो, भेट उघडताना बापाची नजर कुठे आहे आणि मेणबत्त्या किती जळत आहेत, यातून बाल्झॅक संपूर्ण बाजारपेठ उभी करतो. युजेनीला मात्र या बाजारात आपण माल आहोत याची कल्पनाही नसते.

त्याच रात्री पॅरिसहून तिचा चुलतभाऊ शार्ल येतो. त्याचा बाप दिवाळखोर होऊन आत्महत्या करतो, आणि युजेनी आपल्याजवळची सोन्याची नाणी त्याला देऊन टाकते. ही नाणी बापाने वाढदिवसांना एकेक करून तिला दिलेली असतात. बाल्झॅक ती एकेक करून मोजतो: पोर्तुगालची, जेनोआची, स्पेनची, हॉलंडची, आणि त्यांत मोगल बादशहाची शुद्ध सोन्याची, तूळ व कन्या राशींची चिन्हे असलेली नाणीही आहेत. जहांगीराच्या राशीच्या मोहरा नाणेसंग्राहकांना ठाऊक असतात. आपल्याकडचे सोने सोम्यूरच्या एका मुलीच्या बटव्यात सापडते, हे वाचून मजा वाटते. पण मुद्दा मालकीचा आहे. नाणी तिची, मात्र बाप वर्षातून एकदा ती मागवून डोळे भरून पाहतो. १८२० च्या पहिल्या दिवशी तो ती मागतो आणि बटवा रिकामा निघतो, तेव्हा घरात जो उत्पात होतो त्यातली एकच देवघेव टिपून ठेवावी. आपल्या पैशाचे आपण काही करू शकत नाही का, असे मुलगी विचारते. तू अजून पोर आहेस, असे बाप म्हणतो, आणि ती एका शब्दात उत्तर देते: सज्ञान. फ्रेंच कायद्याने एकविसाव्या वर्षी सज्ञान ठरलेली मुलगी बापाला कायद्याचाच शब्द ऐकवते. बाप तिला खोलीत कोंडून भाकरी-पाण्यावर ठेवतो.

आता मागे केलेली खूण पाहावी. आई खचून आजारी पडते, आणि नोटरी क्रुशो ग्रांदेला सावध करतो की बायको गेली तर तिचा वाटा मुलीकडे जाईल, मोजदाद होईल, कदाचित वाटणीसाठी मळे विकावे लागतील. त्याबरोबर बाप मऊ होतो. १८२२ मध्ये आई जाते, नोटरी कागद घेऊन घरी येतो, आणि आईच्या वारशावरचा हक्क सोडल्याच्या दस्तावर मुलगी सही करते. तू स्वतःला लुबाडून घेत आहेस हे सांगणे माझे कर्तव्य आहे, असे नोटरी बजावतो, पण तिला त्याचे काहीच वाटत नाही. बाप तिला मिठी मारतो आणि महिन्याला १०० फ्रँक देण्याचे वचन देतो. वर्ष उलटते तरी त्यातला एक पैसाही दिलेला नसतो.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर हक्कसोड पत्रावर सही करायला आलेल्या बहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पानावर टीप लागत नाही. भाऊ बहिणीला गाडीतून घेऊन येतो, ‘सातबाऱ्यावर उगाच नावे नकोत’ असे म्हणतो, आणि सही झाल्यावर साडी घेऊन देतो. आमच्या वाचनगटात हे पान वाचून झाल्यावर चर्चा कादंबरीवरून घसरून कोणाकोणाच्या माहेरी पोहोचली, आणि ती मुद्दाम थांबवावी असे कोणालाही वाटले नाही. तरीही वाचकाने एक फरक नोंदवावा. युजेनीला भाऊ नाही, बापामागे सारे तिलाच मिळणार आहे. त्यामुळे तिचे नुकसान पैशाचे नसून काळाचे आहे. १८२७ मध्ये बाप गेल्यावर तिच्याकडे एक कोटी सत्तर लाख फ्रँक येतात. तोपर्यंत शार्लने पैशापेक्षा पदवीकडे पाहून दुसरे स्थळ पक्के केलेले असते. पुढचे तिचे लग्न, त्याची अट आणि तेहेतिसाव्या वर्षीचे वैधव्य वाचकाने स्वतःच वाचावे.

आकड्यांची वही

या कादंबऱ्यांतील रकमा आजच्या रुपयांत मांडण्याचा खटाटोप करू नये. त्यातून समजते थोडे आणि दिशाभूल होते जास्त. त्याऐवजी कादंबरीतलीच एक रक्कम दुसरीशेजारी ठेवावी. भांडवल आणि वार्षिक उत्पन्न यांतला फरक मात्र पक्का ठाऊक हवा. बाल्झॅकच्या काळी सरकारी रोख्यांवर ढोबळमानाने शेकडा पाच व्याज धरत, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला विसाने गुणले की भांडवल मिळते. पात्रे मनातल्या मनात हा हिशेब करत असतात आणि लेखक तो उलगडून सांगत नाही.

सराव करायला ‘पेर गोरियो’ (१८३५) घ्यावी. शेवया करून विकणारा गोरियो क्रांतीच्या काळातील टंचाईत धान्यपिठावर गबर झालेला विधुर. त्याने दोन मुलींना प्रत्येकी सुमारे ८ लाख फ्रँक देऊन थोरली आनास्तासी काउंट रेस्तोला आणि धाकटी दल्फीन बँकर न्युसिंजेनला दिली. वहीत लिहावे: ८ लाख म्हणजे वर्षाला ४०,००० चे उत्पन्न. त्याखाली लिहावे: गोरियो मादाम व्होकेरच्या खाणावळीत राहायला आला तेव्हा वर्षाला १,२०० फ्रँक देत होता, मग तो ९०० वर आला, मग महिन्याला ४५ वर, म्हणजे वर्षाला ५४०. त्याच खाणावळीत राहणाऱ्या रास्तिन्याक या विद्यार्थ्याच्या खेड्यातील संपूर्ण कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ३,००० आहे, आणि त्यातले १,२०० त्याच्या पॅरिसच्या शिक्षणावर जातात. म्हणजे घरी राहिलेल्या बहिणींच्या वाट्याला काय उरते ते उघड आहे. एवढे चार आकडे एका पानावर आले की गोरियो एकेक मजला वर, म्हणजे अधिकाधिक स्वस्त खोलीत, का सरकत जातो हे सांगावे लागत नाही.

पण आकड्यांपाशी थांबूही नये. एवढा पैसा देऊनही मुली सतत बापाकडे पैसे मागायला का येतात? दल्फीनचा हुंडा नवऱ्याने स्वतःच्या जमिनीच्या व्यवहारांत गुंतवला आहे, आणि ती हिशेब मागू लागली तर दोघेही बुडतील असे तो तिला सुनावतो. गप्प राहिलीस तर तुला हवे तसे वाग, अशी सवलतही देतो. आनास्तासी प्रियकराचे कर्ज फेडण्यासाठी सासरचे हिरे गहाण टाकते, आणि मग नवरा तिच्याकडून तिच्या मालमत्तेच्या कागदावर सही करून घेण्याची अट घालतो. दोन्ही जागी पैसा बापाने दिला, नावाला मुलीचा राहिला आणि हुकमत जावयाची. गोरियोला मरताना हे कळते. मी पैसा माझ्याजवळ ठेवला असता तर त्या आज इथे असत्या, असे तो म्हणतो. आपल्याकडे घर मुलांच्या नावावर करून बसलेल्या आईवडिलांबद्दल हेच वाक्य ऐकू येते. गोरियोने ते मुलींच्या बाबतीत केले, इतकेच.

याच कादंबरीतली एक बाजूची मुलगी बहुतेक वाचक विसरतात, तिला वहीत स्वतंत्र जागा द्यावी. व्हिक्तोरिन ताय्येफेर हिला लक्षाधीश बापाने घराबाहेर काढले आहे, कारण त्याला सगळी संपत्ती मुलाला द्यायची आहे. कायद्याने मुलीचा वाटा डावलता येत नाही, म्हणून तो मालमत्तेचे रूपच बदलून ती मुलाकडे वळवू पाहतो. खाणावळीत लपलेला फरारी कैदी व्होत्रँ रास्तिन्याकला सुचवतो की तिच्याशी सूत जमव, मी तिच्या भावाचा द्वंद्वात काटा काढवतो. दहा लाखांचा हुंडा मिळाला की त्यातले २ लाख माझी दलाली. स्थळे सुचवणारा मध्यस्थ इतक्या उघड्या हिशेबाने बोललेला दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मला आढळलेला नाही.

पुस्तकात ठेवण्याचे एक पान

पुढील तपशील कागदाच्या एका तुकड्यावर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवावेत. फ्रान्समध्ये १७९२ पासून नागरी विवाह बंधनकारक झाला आणि त्याच वर्षी घटस्फोटाला परवानगी मिळाली. १८०४ च्या नागरी संहितेने मुलगा व मुलगी यांना वारशात सारखा वाटा दिला, आईबापांना मृत्युपत्राने वाटेल तसे वाटप करण्यास मर्यादा घातली, पण त्याच संहितेच्या २१३ व्या कलमाने नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असेही लिहिले. लग्नासाठी मुलाला पंचविसाव्या आणि मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंत पालकांची संमती लागे. १८१६ मध्ये घटस्फोट रद्द झाला आणि १८८४ मध्ये परत आला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळायला १९०७ साल उजाडावे लागले.

हे पान वापरताना पुस्तक केव्हा छापले याऐवजी कथा केव्हा घडते ते पाहावे. मोपासाँची ‘एक आयुष्य’ १८८३ मध्ये आली, पण तिच्यातली जान १८१९ मध्ये मठातील शाळेतून घरी परतते. नवऱ्याचे खरे रूप कळल्यावर ती वेगळी का होत नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर १८१६ या सालात आहे. गोरियोची कथा १८१९ ची, लेखन सोळा वर्षांनंतरचे. मधल्या काळात राजवट बदलून गेली होती.

वारशातील सारखा वाटा आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. त्या मानाने १८०४ हे साल पाहून फ्रेंच मुली फार पुढे होत्या असे वाटू शकते. कादंबऱ्या नेमके उलटे दाखवतात: कायद्याने वाटा दिला की घर तो सोडवून घेण्याच्या वाटा शोधते. बाल्झॅकच्या ‘दोन नववधूंच्या आठवणी’मध्ये लुईझला मठात ठेवण्याचा बेत असतो, कारण तिचा वाटा भावाच्या कामी यायचा आहे. क्रांतीपूर्वीच्या काळात तर हे सर्रास होते, आणि दिदरोची ‘जोगीण’ त्यावरच उभी आहे. थोरल्या बहिणींचे हुंडे भरून झाल्यावर सुझानला संन्यास घेणे भाग पाडले जाते.

नोटरीची खोली

ज्या वाचकाला एकच लहान कथा खोलात जाऊन वाचायची असेल, त्याने बाल्झॅकची ‘विवाहाचा करार’ (१८३५) घ्यावी. बोर्दो शहरातली नाताली एव्हांजेलिस्ता आणि पोल द मानेर्व्हिल यांचे लग्न ठरले आहे. अडचण अशी की नातालीच्या विधवा आईने मुलीला बापाकडून मिळालेला वाटा ऐषारामात उडवून टाकला आहे आणि आता तो करारात दाखवायचा कुठून, हा प्रश्न आहे. मुलीच्या बाजूने तरुण, चटपटीत नोटरी सोलोने, मुलाच्या बाजूने म्हातारा मातियास. वरच्या दिवाणखान्यात हास्यविनोद चालला आहे आणि शेजारच्या खोलीत हे दोघे एकेका कलमावर भांडत आहेत. फ्रेंच कायद्याने हा करार लग्नापूर्वीच नोटरीसमोर व्हावा लागे आणि लग्नानंतर बदलता येत नसे, हे ध्यानात ठेवले की त्या रात्रीची घाई कळते.

वाचताना दोन रकाने करावेत, एकात आई काय बोलते आणि दुसऱ्यात तिच्या मनात काय आहे. मातियास आपल्या अशिलाचे हित जपण्यासाठी मालमत्ता वंशपरंपरेने बांधून ठेवणारी तरतूद पुढे करतो. आईच्या ध्यानात येते की डाव उलटला, आणि त्या क्षणापासून ती जावयाची वैरी होते. जावयाला हे कळायला काही वर्षे जातात. बैठकीत मानपानावरून झालेला एखादा सल पुढे वीस वर्षे घरात कसा नांदतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना इथे बाल्झॅकचे कौतुक वाटेल.

पत्ता आणि पदवी

पॅरिसमधल्या कादंबरीत पात्राचा पत्ता म्हणजे त्याची प्रतिष्ठा. जुने सरदार सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या फोबूर सँ-जेर्मेंमध्ये, नवे बँकवाले उजव्या तीरावरच्या शोसे-दांताँमध्ये. पॅरिसचा साधा नकाशा छापून घेऊन त्यावर बहिणींची घरे लावावीत. आनास्तासी काउंटची बायको झाल्याने राजदरबारी गेलेली आहे, दल्फीन बँकरची बायको असल्याने गेलेली नाही, आणि सख्ख्या बहिणी एकमेकींना पाण्यात पाहतात. सरदारीण बोसेआं रास्तिन्याकला सांगते की माझ्या दिवाणखान्यात पाऊल ठेवायला मिळावे म्हणून दल्फीन दोन रस्त्यांमधला सगळा चिखल चाटील. हुंडा दोघींचा सारखाच होता. एकीने पदवी घेतली, दुसरीने तिजोरी, आणि कादंबरीच्या हिशेबी तिजोरी हलकी ठरली.

पदवीची किंमत राजवटीप्रमाणे चढते-उतरते, हेही पाहावे. नेपोलियनच्या काळात जावयांना शेवयावाला सासरा चालून गेला. बूर्बाँ राजे परतल्यावर क्रांतीत पैसा केलेला म्हातारा घरात दिसणे त्यांना अडचणीचे वाटू लागले. मोलिएरच्या १६७० च्या नाटकातला झुर्दां मुलगी सरदारालाच द्यायची म्हणून अडून बसतो, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतो. गोरियोपाशी येईपर्यंत ते हसू मावळलेले असते.

लग्नानंतर सुरू होणारी गोष्ट

इंग्रजी कादंबऱ्यांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला लग्न शेवटच्या प्रकरणात हवे असते. फ्रेंच कादंबरीत ते बहुधा सुरुवातीला उरकते. मुलगी मठातल्या शाळेतून थेट बोहल्यावर उभी राहते, जगाशी तिची ओळख लग्नानंतर होते, आणि प्रेमाचे प्रकरण घडलेच तर त्यानंतर घडते. लाक्लोच्या ‘धोकादायक संबंध’ (Les Liaisons dangereuses) या १७८२ मधील पत्ररूप कादंबरीचे पहिलेच पत्र यासाठी वाचावे. मठातून नुकतीच घरी आलेली पंधरा वर्षांची सेसील आईच्या खोलीत बोलावली जाते, तिथे काळ्या पोशाखातला एक गृहस्थ तिच्यापुढे गुडघा टेकतो, आणि हाच आपला नियोजित वर असे समजून ती किंचाळते. तो पायाचे माप घ्यायला आलेला चांभार असतो. प्रसंग विनोदी आहे, पण आपले लग्न कोणाशी ठरले आहे हे मुलीला कोणी सांगितलेलेच नाही, हे त्यातून किती सहज कळते!

‘मादाम बोव्हारी’ (१८५७) वाचणारे एम्माच्या प्रेमप्रकरणांकडे धाव घेतात. त्यांनी पहिल्या भागातले तिसरे प्रकरण दोनदा वाचावे. एम्माचा बाप, शेतकरी रुओ, डॉक्टर चार्ल्स बोव्हारीला मुलगी देण्याचा विचार करतो तो असा: बावीस एकर विकावे लागणार आहेत, गवंड्याचे देणे आहे, खोगीरवाल्याचे देणे आहे, रसाच्या चरकाचा दांडा बदलायचा आहे, डॉक्टर काही हुंड्यावरून फार घासाघीस करणार नाही, मागितली तर देऊन टाकू. मग चार्ल्सला तो कुंपणापाशी थांबायला सांगतो: मुलीने होकार दिला तर खिडकीची झडप भिंतीला लागेपर्यंत उघडीन. चार्ल्स अर्धा तास थांबतो, मग घड्याळ काढून आणखी एकोणीस मिनिटे मोजतो, आणि झडप भिंतीवर आपटते. घरात काय बोलणे झाले, एम्मा काय म्हणाली, हे फ्लोबेर सांगत नाही. जिचे लग्न आहे तिचा आवाज त्या एकोणपन्नास मिनिटांत वाचकापर्यंत येऊ दिलेला नाही.

पुढे एम्माच्या सर्वनाशातही सही आहे. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीशिवाय असे व्यवहार करता येत नसत, म्हणून व्यापारी लरो तिला नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यायला सुचवतो. भोळा चार्ल्स ते देतो आणि कर्जाचे दार उघडते. एम्माला मुलगा हवा होता, कारण पुरुष निदान मोकळा असतो असे तिला वाटे. मुलगी झाली हे ऐकताच तिने मान फिरवली होती. ती मुलगी, बेर्त, शेवटच्या पानावर कुठे पोहोचते ते चुकवू नये. सारे विकून १२ फ्रँक ७५ सांतीम उरतात, ते तिला आजीकडे पाठवण्यात जातात, आणि अखेर एक गरीब मावशी तिला सूतगिरणीत कामाला लावते. आजोबांनी चरकाचा दांडा आणि मुलगी एकाच हिशेबात धरली होती. नातीच्या नावावर धरण्यासारखे काहीच उरलेले नाही.

हुंडाच नसलेल्या मुलींसाठी दोन नावे पुरेत. मोपासाँच्या १८८४ मधील ‘कंठहार’ या कथेत मातिल्द देखणी आहे, पण हुंडा नाही आणि पुढे वारसाने काही मिळण्याची आशाही नाही, म्हणून शिक्षण खात्यातल्या कारकुनाच्या पदरी पडते. कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, पहिला परिच्छेद कोणाला आठवत नाही. तो पाठ करावा. झोलाच्या १८८२ मधील ‘पो-बुई’त मादाम जोसराँ मुलींना घेऊन दिवाणखान्यांमागून दिवाणखाने पालथे घालते, घोडागाडीला पैसे नसल्याने चिखलातून पायी घरी येते, आणि ५०,००० फ्रँकचा जो हुंडा कधी दिलाच जाणार नाही त्याच्या बोलीवर मुलगी उजवते. बाप रात्री जागून पत्त्यांच्या पट्ट्या लिहून चार पैसे मिळवतो, ते मुलींच्या रिबिनींवर जातात.

तुलनेची मर्यादा

आपल्याकडच्या गोष्टी पदोपदी आठवतील, आणि आठवू द्याव्यात. पण हुंडा म्हणजे हुंडा, असे म्हणून पुढे जाऊ नये. आपल्याकडे तो वराच्या घरी जातो, १९६१ पासून गुन्हा आहे, आणि म्हणून कागदावर कधी येत नाही. फ्रान्समध्ये तो उघड करारात लिहिलेला, मुलीच्या नावाचा, काही प्रकारच्या करारांत नवऱ्याला विकता न येणारा आणि लग्न संपल्यास परत मागता येणारा पैसा होता. म्हणूनच तिथे नवऱ्यांना तो हडपण्यासाठी बायकोच्या सहीची गरज पडते आणि कादंबरीकाराला प्रसंग मिळतो. दुसरे, फ्रेंच जोडपे सहसा वेगळे बिऱ्हाड करते. सासुरवासाची आपली परिचित कथा तिथे शोधू नये, जरी चार्ल्स बोव्हारीची आई त्या दिशेने बरेच प्रयत्न करते. जातीची चौकट तिथे नाही, म्हणून पैशाने पदवीपर्यंत जाता येते. पण पोहोचलेल्याला तिथले लोक विसरू देत नाहीत, हे गोरियोच्या मुलींवरून दिसले.

वाचनगटात हे करायचे असेल तर महिन्याला एक पुस्तक याहून जास्त वेग ठेवू नये आणि प्रत्येक पुस्तकामागे एका सदस्याकडे फक्त पैशाची वही द्यावी. बँकेत किंवा महसूल खात्यात नोकरी केलेली माणसे हे काम साहित्याच्या पदवीधरांपेक्षा चांगले करतात, असा अनुभव आहे. आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये सुरू झाले तेव्हा बाल्झॅक लिहीत होता; तिथे आणि शहरातल्या इतर ग्रंथालयांत आधी चौकशी करावी, मराठी अनुवाद मिळाला तर तो घ्यावा, न मिळाल्यास इंग्रजी, पण संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नये, कारण संक्षेप करणारा सर्वांत आधी आकडे आणि करार कापतो.

प्रूस्त सर्वांत शेवटी. त्याच्या ‘गतकाळाच्या शोधात’ या सात भागांच्या कादंबरीत शिंप्याची पुतणी एका सरदाराने दत्तक घेतल्याने पदवीधारी होते, मोठ्या घराण्यात पडते आणि थोड्याच दिवसांत विषमज्वराने जाते. तिच्या निधनाच्या छापील पत्रावर राजघराण्यांची नावे झळकतात. ज्यू बापाची लाडकी लेक जिल्बेर्त हिची गोष्ट अधिक सावकाश वाचावी. बाप स्वान गेल्यावर आई पुन्हा लग्न करते, सावत्र बाप मुलीला आपले सरदारी नाव देतो, आणि त्या नावाच्या व पैशाच्या बळावर तिचे मोठ्या घराण्यात लग्न होते. मधल्या काळात ती स्वतःची सही ‘जी. एस. फोर्शव्हिल’ अशी करू लागते. प्रूस्त हे जाता जाता सांगतो, म्हणून तो भाग वाचताना पेन्सिल हातात असू द्यावी. स्वान या आडनावाचे त्या सहीत जे काही उरले आहे ते तेवढे एक अक्षर.